ट्रंकेवरचा पत्ता

मरण येण्याआधी खूण देतं, यात काही शंका नाही. गेणभाऊ पेंटरच्या दुकानात ते मंगळवारी दुपारी मोटारसायकलवरून आलं. मागच्या सीटवर एक काळी ट्रंक दोरीने आवळलेली होती. उतरायच्या आधी त्याने अदबीने विचारलं, "गाडी इथं गटारावर लावली तर चालंल ना, भाऊ?" त्यामुळे ते मरण असल्याचं गेणभाऊच्या लक्षात आलं नाही. मरणाला जुन्नरच्या गटारांची फिकीर असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. शिवाय आलेला माणूस ओळखीचा होता. आळ्याच्या हौशीरामाचा मुलगा ऋषी. फौजेत नायक, वय अठ्ठावीस, महिनाभराच्या सुट्टीवर आलेला, उद्या सकाळी परत निघणारा. त्याने दोरी सोडली, ट्रंक आत आणून दोन स्टुलांवर आडवी ठेवली, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाला, "एवढं झाकणावर टाका. पांढऱ्यात. घाई न्हाई, पाचला येतो." मग अंगातली हिरवी जर्सी डोक्यावरून काढून त्याने गेणभाऊच्या पुढ्यात धरली. "ही ऱ्हाऊ द्या तुमाला. दुकानात लई गारठा हाय." पौषातली थंडी होती आणि दुकान उत्तरेकडे तोंड केलेलं होतं, म्हणून गेणभाऊने एकदा नको म्हटलं आणि घातली. जर्सी गरम होती. कोणीतरी नुकतंच आतून उठून गेल्यासारखी.

"झाली का मग सगळी कामं?" त्याने ब्रश निवडता निवडता विचारलं. सुट्टीवर आलेल्या जवानाला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. कधी आला, कधी जाणार, आणि कँटीनची बाटली आणली का. त्यातले पहिले दोन संपले होते आणि गेणभाऊ पीत नव्हता. "समदी उरकली," ऋषी म्हणाला. "गोठ्याचं पत्रं बदललं. अक्षदाला मोटारीचा स्टार्टर दाखवला, गॅस कसा बुक करायचा तेबी शिकवलं. चुलत्याची पहार धा वर्षं आमच्याकडं व्हती, ती देऊन आलो. आता काय ऱ्हायलं न्हाई." "आणि तब्येत? दिवाळीत आलतास तवा झोप न्हाई म्हनत व्हतास." "आता लागती की," तो हसून म्हणाला. "आठ दिवस झालं, लई शांत वाटतंय." बायकोला कामं शिकवणारा, पहार परत करणारा आणि झोप लागणारा माणूस तालुक्यात दुर्मिळ आहे, असं गेणभाऊला वाटलं, आणि त्याने कौतुकाने मान हलवली. गाडी गेली. गेणभाऊने ट्रंकेवर खडूची दोरी मारून ओळी आखल्या आणि कामाला लागला.

लिहिताना वाचायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. वाचलं की हात अडखळतो. मंचरच्या ज्या पेंटरकडे तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की मजकूर गिऱ्हाइकाचा असतो, आपली फक्त वळणं. तीस वर्षांत गेणभाऊने असं बरंच काही लिहिलं आणि त्यातलं काहीच वाचलं नाही. रसवंतीगृहांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, वनखात्यासाठी उसाच्या कडेला लावलेले बिबट्याचे फलक, आणि परवाच्या दिवाळीत एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर आरोग्यखात्याचा कसलासा लांबलचक मजकूर. कशाबद्दल होता असं कोणी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, निळ्यावर पांढरा, खाली मोठे आकडे. मग फ्लेक्सची मशिनं आली. लोकांना आपलं तोंड आपल्या नावापेक्षा मोठं छापून मिळू लागलं, आणि गेणभाऊकडे उरल्या ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा आणि फौजेतल्या पोरांच्या ट्रंका. ट्रंकेवर फ्लेक्स चिकटत नाही. त्याबद्दल तो सरकारचा आभारी होता.

पावणेचारला शेवटची रेघ ओढून त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, कमरेवर हात ठेवून दोन पावलं मागे झाला, आणि मागे होताना त्याच्या हातून वाचलं गेलं. वर नंबर, हुद्दा, नाव. तेवढं ठीक होतं, तेवढंच असतं. पण त्याच्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, वडिलांचं नाव, मळ्याचं नाव, मुक्काम पोस्ट आळे, तालुका, जिल्हा, पिनकोड. खाली घरचा मोबाइल नंबर. कागदावर लहानमोठी अक्षरंसुद्धा तशीच दाखवलेली होती. गेणभाऊ उभा राहिला. जवानाच्या ट्रंकेवर घरचा पत्ता नसतो. ट्रंक त्याच्याबरोबर जाते, त्याच्याबरोबर येते, आणि त्याला त्याचं घर माहीत असतं. घरचा पत्ता लागतो तो एकटीने परत येणाऱ्या ट्रंकेला. बाहेर कोणीतरी एक ट्रॅक्टर चालू करून ठेवला होता आणि त्या आवाजात ट्रंकेचं झाकण हलकेच थरथरत होतं. ओली अक्षरं चकाकत होती. पांढरा रंग ओला असताना नेहमीच कोणीतरी डोळे उघडल्यासारखा दिसतो, हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने नजर काढून घेतली. तीस वर्षांत असा पत्ता त्याने दोनच ट्रंकांवर लिहिला होता. दुसरी समोर होती. पहिली महाळुंगे पडवळला घरी, खाटेखाली होती. तिच्यात गोधड्या होत्या.

त्या ट्रंकेवर सावळेरामचं नाव होतं, त्याच्या थोरल्या भावाचं. एकोणीस वर्षं झाली. तेव्हा हे दुकान नुकतंच घेतलं होतं आणि हात तरणा. सावळेराम हवालदार होता. सुट्टी संपत आली तसा एका दुपारी ट्रंक घेऊन आला, ह्याच स्टुलावर बसला, आणि अंगठ्याच्या नखाने स्टुलाचा रंग खरवडत राहिला. त्या आठवड्यात तो गावात घरोघर जाऊन आला होता. कोणाला घोंगडी दिली, कोणाला थर्मास, गेणभाऊला टॉर्च. सगळं गाव म्हणालं, सावळेरामचं मन मोठं. भांडणं मिटवली, आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, आणि वर्षभर जो माणूस जेवता जेवता उठून अंगणात फेऱ्या मारायचा, तो अचानक निवांत झाला. गेणभाऊने त्याची ट्रंक रंगवली. पत्ता लिहिला. त्या दिवशी तर त्याने वाचलंही होतं, कारण पत्ता स्वतःच्याच घरचा होता, आणि आपलंच घर आपल्याच अक्षरात किती देखणं दिसतं, एवढंच त्याच्या मनात आलं. परत गेल्यावर सतराव्या दिवशी सावळेराम गेला. चकमक झाली नव्हती, अपघात झाला नव्हता. कागदावर जो शब्द होता तो घरात कोणी मोठ्याने उच्चारला नाही. महिन्याने टेम्पोतून ट्रंक आली. टेम्पोवाला परप्रांतातला होता, पण बरोबर दारात आला, कुठे विचारावंसुद्धा लागलं नाही. पत्ता फार स्वच्छ होता. गेणभाऊ दारात उभा होता आणि त्याचंच अक्षर त्याच्याकडे चालत येत होतं.

पुढे गावात फलक लावायचं ठरलं. समितीच्या तीन बैठका झाल्या. गेणभाऊने फलकावर 'शहीद' असं लिहिलं, ते वाळलं, आणि मग समितीतल्या एकाने खाली बघत म्हटलं, "गेणभाऊ, राग मानू नगंस, पन त्येंचं तसं न्हाई ना." म्हणून त्याने ते खरवडून 'कैलासवासी' लिहिलं. रंग एकाच डब्यातला होता, समितीने वेगळा मागितला नाही. अजूनही साडेपाचच्या उन्हात, ऊन आडवं झालं की खालचा शब्द वर येतो. मारुतीच्या पारावर बसणाऱ्या सगळ्यांना तो दिसतो. कोणी बोलत नाही. गेणभाऊ साडेपाचला तिकडून जात नाही.

जर्सी आता जास्तच गरम वाटायला लागली. त्याने ती काढली, कुठे ठेवावी कळेना, खुंटीला लावली तर खुंटीला कोणी टांगल्यासारखी दिसली, म्हणून घडी करून ट्रंकेशेजारी ठेवली आणि तिथूनही उचलली. असं असेलच असं नाही, तो स्वतःला म्हणाला. पोराने पत्ता लिहून घेतला, त्यात काय. रेल्वेत चोऱ्या होतात. पण लई शांत वाटतंय, असं तो म्हणाला होता. आणि गेणभाऊला वनखात्याचे फलक आठवले. म्हणजे त्याच्या हाताला आठवले. वाचले नव्हते, पण एकच मजकूर चाळीस वेळा लिहिला की तो बोटांत राहतो. पायाचे ठसे पाहा. वाकून काम करू नका. आणि चौथी ओळ, भगव्यात: भुंकणारी कुत्री अचानक गप्प झाली, तर बिबट्या जवळ आहे. अख्ख्या तालुक्याला हे पाठ आहे. शाळेतली पोरं म्हणून दाखवतात. भुंकतंय तोवर घाबरू नये, गप्प झालं की घाबरावं. सावळेराम गप्प झाला तेव्हा आईने देवाला नारळ फोडला होता.

त्याने बायकोला फोन लावला. उज्ज्वला महाळुंग्याला ओसरीवर हरभरा निवडत होती, हे सुपाच्या आवाजावरून कळत होतं. त्याने सगळं सांगितलं. सुपाचा आवाज थांबला.

"मग इचारा की त्याला," ती म्हणाली.

"काय इचारू?"

"जीव द्यायचा इचार हाय का, आसं. आनखी काय इचारणार, रंग कंचा पायजे?"

"आगं पन मी इचारलं आन त्यामुळंच त्याच्या डोक्यात आलं तर?"

"तुमी इचारायच्या आधी त्याच्या डोक्यात नसंल व्हय? तुमी बोलला आन मानसं तसं करत्यात, एवढं तुमचं वजन कदीपासनं? सत्तावीस वर्षं सांगते पायपुसन्यावर पाय पुसा." मग सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. "भावजींना आपून कोनीच इचारलं न्हाई," ती म्हणाली. "मी त्यांना डबा बांधून दिला. सोडू नगा त्याला. मी येते."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. गेणभाऊने ऋषीचा फोन लावला, तो बंद होता. ट्रंकेवरच्या नंबरवर लावला, तो हौशीरामाने उचलला आणि पोरगं जुन्नरलाच आहे, देवाला गेलंय, असं सांगून कांद्याच्या भावाबद्दल बोलू लागला. गेणभाऊने त्याच्याकडून सुनेचा नंबर घेतला, कांद्यावर दोन वाक्यं बोलून फोन ठेवला आणि मग तिला फोन करून दुकानात निघून ये, एवढंच सांगितलं. देवळात शोधायला निघावं, तर पोरगं इकडे येऊन जाईल. थांबावं, तर थांबणं हेच त्याने मागच्या वेळी केलं होतं. त्याने दुकानात फेऱ्या मारल्या. सावळेरामसारख्याच, हे लक्षात आल्यावर बसला. खाली पाहिलं तर स्टुलाच्या कडेला रंग खरवडलेला होता. ते जुनं की आजचं, हे त्याला सांगता येईना. बाहेर पेठेतली कुत्री भुंकत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते ऐकून बरं वाटलं. पावणेपाचच्या सुमारास ती थांबली, आणि थांबली तेव्हाच गाडीचा आवाज आला.

"झाली का?" ऋषी दारात होता. कपाळाला बुक्का होता.

"वाळली न्हाई," गेणभाऊ म्हणाला.

ऋषीने वाकून पत्त्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. दोघांनीही ते बोट पाहिलं. हिवाळ्यात वाळणीचा मसाला जरा जास्त घालायची गेणभाऊची सवय होती आणि आज पहिल्यांदा त्याला तिचा राग आला. "बस," तो म्हणाला. ऋषी उभाच राहिला. गेणभाऊच्या जिभेला टर्पेंटाइनची चव आली होती. बाहेरून एसटी गेली, सामान हललं, ट्रंकेचा पत्रा आतून कोणी टिचकी मारल्यासारखा टक्क वाजला.

"ऋषी, जीव द्यायचं चाललंय का तुझ्या मनात?"

विचारून झाल्यावर काहीच कोसळलं नाही. ऋषीने दाराकडे पाहिलं, मग डब्यातल्या ब्रशांकडे. चेहऱ्यावरचा निवांतपणा तसाच होता, पण आता तो वरून चिकटवल्यासारखा, कडांना सुटलेला दिसत होता.

"कसं कळलं?" त्याने विचारलं.

"ट्रंकेवर लिवलंय की."

ऋषी हसला. हसता हसता स्टुलावर बसला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. गेणभाऊने दाराचं शटर अर्धं ओढलं आणि शेजारी बसला. पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्याला कळेना, हाताला रंग होता, म्हणून त्याने जर्सी ठेवली. काय झालं, असं गेणभाऊने विचारलं. "काय झालं न्हाई. तेच तर. काय झालं असतं तर सांगता आलं असतं," तो म्हणाला. मग तुकडे पडत गेले. रात्रीच्या ड्युट्या. जोडीदार दुसऱ्या पोस्टवर गेला. घरून बांधाच्या भांडणाचे फोन यायचे आणि तिथून काहीच करता यायचं नाही. दिवसा झोप नाही, मग झोपेची भीती. डॉक्टरकडे जायचं, तर मेडिकल कॅटेगरी खाली येते, मग प्रमोशन अडकतं, मग पोरं मागून बोलतात. "आन इथं आलो की जो तो म्हनतो, तुमच्यामुळं आमी सुखानं झोपतो. त्येंना कसं सांगू."

"आमचा सावळेराम," गेणभाऊ म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, कागदावर होता तो. ऋषीने मान वर केली. "आमी तर चकमक आइकलं व्हतं."

"चकमक न्हाई. ह्याच स्टुलावर बसला व्हता. हीच कामं उरकून."

"त्येंना कोनी इचारलं न्हाई?"

"मी इचारलं व्हतं," गेणभाऊ म्हणाला. "अक्षर कसं आलंय, म्हनून."

नंतर काय करायचं, हे उज्ज्वलाने सांगितलं नव्हतं. सोडू नका एवढंच सांगितलं होतं. गेणभाऊला स्टँडमागची भिंत आठवली, निळ्यावर पांढरा, खाली मोठे आकडे. जिवाचं, मनाचं, मदतीला फोन करा असं काहीतरी होतं त्यात, एवढं बोटांना सांगता येत होतं. तो ऋषीला घेऊन चालत निघाला, त्याच्या गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकून. भिंतीपाशी पोचले तर अर्ध्या भिंतीवर कोणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकला होता. साहेब हात जोडून उभे होते आणि त्यांच्या कोपरामागून फक्त 'एकटे वाटते का' एवढं बाहेर डोकावत होतं. आकडे दिसत होते तीन. एक, चार, चार. पुढचे साहेबांच्या पोटाखाली होते. फ्लेक्स खिळ्यांनी पक्का होता. गेणभाऊने डोळे मिटले, उजवा हात उचलला आणि हवेत ब्रश धरल्यासारखा फिरवला. एक. चार. चार. उभी रेघ, एक. मग खाली येऊन आत वळणारा सहा. भेळवाला बघत होता. "एक चार चार एक सहा," ऋषीने त्याच्या हातावरून वाचलं. तो मन लावून वाचत होता, फौजेत हाताच्या खुणा वाचायला शिकवतात तसा. गेणभाऊने फोन लावला आणि तिकडून माणसाचा आवाज आल्यावर ऋषीच्या हातात दिला. मग तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि पस्तीस मिनिटं त्याने भेळवाल्याला एकही प्रश्न विचारू दिला नाही.

अक्षदा सहाला आली, आळ्याहून जीपने, पदर खोचलेला तसाच. तिला फारसं सांगावं लागलं नाही. "स्टार्टर शिकवायला लागले तवाच मला खटकलं व्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मला वाटलं, मीच येडी." उज्ज्वला पाठोपाठ आली आणि तिने सगळ्यांना आधी भाकरी खायला लावली. ऋषीनेच मग युनिटातल्या सुभेदारसाहेबांना फोन केला. साहेब बराच वेळ हिंदीत बोलले. त्यांनी एकदाही 'हिंमत रखो' म्हटलं नाही, हे ऋषीने फोन ठेवल्यावर आश्चर्याने सांगितलं. सकाळी अक्षदा, गेणभाऊ आणि तो, तिघं पुण्याच्या लष्करी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीण बाई गेणभाऊच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी तोच प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत, वहीत बघत बघत विचारला. गेणभाऊला थोडं वाईट वाटलं. त्याला वाटत होतं की तो प्रश्न त्याचा आणि उज्ज्वलाचा होता.

ऋषीची कॅटेगरी खाली आली. प्रमोशन अडकलं. फेब्रुवारीभर तो दवाखान्यात, मग गोळ्या आणि घरी सुट्टी. चैत्रात एक दिवस ऋषी दुकानात आला. अंगाने सुजल्यासारखा, गोळ्यांमुळे जरा मंद, आणि अधूनमधून चिडचिडा. तो चिडला की गेणभाऊला बरं वाटायचं. ट्रंक अजून तिथेच होती, गिऱ्हाइकं तिच्यावर बसत होती. जर्सी तिच्यात होती. गेणभाऊने चिंधी थिनरमध्ये भिजवली, दोन महिने तो ह्या क्षणाबद्दल काहीबाही मनात बोलत आला होता. आपल्या हाताने लिहिलेलं आपल्या हाताने पुसायचं, असलं काहीतरी. ऋषी ट्रंकेवर वाकला आणि त्याने पहिल्यांदा पत्ता नीट वाचला.

"भाऊ, पिनकोड जुन्नरचा टाकलाय. आळ्याचा येगळा हाय."

गेणभाऊने गल्ल्यातून तो कागद काढून उलगडला. कागदावर बरोबर होता. हाताने सवयीने जुन्नरचा टाकला होता. त्याने चिंधी उचलली आणि पिनकोडापासून पुसायला सुरुवात केली.